राखलेले बी पारखायचे कधी?

आज २२ मे. १९९२ साली याच दिवशी नैरोबी येथे जैवविविधता कराराचा मसुदा मान्य झाला, म्हणून हा आंतरराष्ट्रीय जैवविविधता दिन. आपल्याकडे तो नेमका पेरणीच्या तोंडावर येतो. रोहिणी तीन दिवसांवर आहे, मृग पंधरवड्यावर. नांगरटी उरकल्या आहेत, कुळवाच्या पाळ्या सुरू आहेत आणि कृषी सेवा केंद्रांत बियाण्याच्या पिशव्यांच्या थप्प्या लागल्या आहेत. आज वाघाची आठवण निघेल, माळढोकाची निघेल, देवरायांवर भाषणे होतील, आणि ते योग्यच आहे. पण ज्या विविधतेवर आपली रोजची भाकरी आणि भात उभा आहे, ती ज्वारी, बाजरी, भात, गहू या धान्यांच्या शेकडो जातींची विविधता मात्र अशा दिवशीही सहसा कुणाच्या ओठावर येत नाही.

या विविधतेचा मोठा भाग आज शेतात उरलेला नाही. तो शीतगृहांत आहे. जगभरच्या जनुकपेढ्यांत धान्यांच्या लाखो जाती बंद पाकिटांत ठेवलेल्या आहेत. बियाणे वाचवले पाहिजे, ही गोष्ट जगाने गेल्या शंभर वर्षांत बऱ्यापैकी मनावर घेतली. वाचवलेल्या बियाण्यात कोणते गुण दडले आहेत हे तपासण्याचे काम मात्र फार मागे पडले आहे. आमचे सांगणे एवढेच आहे की, राखण हा या कामाचा पाया असला तरी तिचे फळ पारख केल्याशिवाय मिळत नाही. ज्या नमुन्याचा गुण माहीत नाही, तो संकटाच्या दिवशी असूनही हाताशी नसतो.

जनुकपेढीत काय चालते, हे आधी पाहू. गावातून, बाजारातून किंवा रानातून गोळा केलेल्या बियाण्याची प्रथम नोंद होते: कुठल्या गावचे, कोणत्या जमिनीतले, शेतकरी त्याला काय म्हणतात, त्याचा उपयोग काय सांगतात. मग ते स्वच्छ करून, रोगकिडीची तपासणी करून हळूहळू सुकवतात. ओलावा पाच-सात टक्क्यांपर्यंत उतरला की ॲल्युमिनियमच्या पाकिटात हवाबंद करून उणे १८ अंश सेल्सिअसच्या खोलीत ठेवतात. असे बी अनेक दशके जिवंत राहते, पण अमर होत नाही. म्हणून ठरावीक वर्षांनी पाकीट उघडून उगवणक्षमता पाहावी लागते आणि ती घसरली असेल तर ते बी शेतात पेरून नवे पीक काढून पुन्हा भरावे लागते. हे नूतनीकरण फार नाजूक असते. बाजरीसारख्या परपरागीभवन होणाऱ्या पिकात शेजारच्या वाफ्यातला एक परागकण आला तरी जातीची शुद्धता जाते, म्हणून कणसांवर पिशव्या चढवाव्या लागतात. रोपे फार थोडी लावली तर त्या जातीतले दुर्मीळ गुण कायमचे गळून पडतात आणि गळाले हे कळतही नाही.

या कामाचा मूळ पुरुष निकोलाय वाविलोव्ह. पिकांची जन्मस्थाने कुठे आहेत याचा सिद्धान्त त्यांनी १९२६ साली मांडला आणि खंडोखंडी फिरून लेनिनग्राडच्या संस्थेत बियाण्यांचा जगातला सर्वात मोठा संग्रह उभा केला. पुढची कथा अनेकांना ठाऊक आहे. सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मन सैन्याने शहराला वेढा घातला, तो जानेवारी १९४४पर्यंत उठला नाही. त्या उपासमारीत संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी हाताखालच्या धान्याला हात लावला नाही. भाताच्या संग्रहाचे जतन करणारे द्मित्री इवानोव्ह तांदळाच्या हजारो पाकिटांमध्ये भुकेने गेले. स्वतः वाविलोव्ह १९४० सालीच स्टालिनच्या राजवटीच्या कैदेत पडले होते. २६ जानेवारी १९४३ रोजी सारातोव्हच्या तुरुंगात उपासमारीने खंगून त्यांचा अंत झाला. जगाला भाकरी मिळावी म्हणून झिजलेल्या माणसाला असा मृत्यू यावा, यापेक्षा क्रूर गोष्ट नाही.

या कथेने जगाला राखण शिकवली. पण वाविलोव्ह यांच्या कामाचा दुसरा भाग त्या मानाने कमी सांगितला जातो. गोळा केलेले वाण ते एकाच वेळी देशाच्या वेगवेगळ्या हवामानांतल्या अनेक केंद्रांवर पेरून घेत. उत्तरेच्या थंडीत हा गहू किती दिवसांत ओंबीवर येतो, दक्षिणेच्या कोरड्या माळावर त्याचे काय होते, तांबेऱ्याला कोण बळी पडतो आणि कोण टिकतो, याच्या नोंदी होत. संग्रह आणि शेत ही दोन वेगळी खाती आहेत, असे त्यांनी कधी मानले नाही. ती वेगळी झाली ती पुढे.

भारतात १९४६ साली दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत डॉ. बी. पी. पाल यांच्या पुढाकाराने वनस्पती-संग्रहाचे काम सुरू झाले. १९७६ साली त्यासाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली, तीच आजचा राष्ट्रीय वनस्पती जनुक संसाधन ब्युरो. दिल्लीतल्या तिच्या राष्ट्रीय जनुकपेढीत आज साडेचार लाखांहून अधिक नमुने आहेत, त्यांत एकट्या भाताचे लाखाहून जास्त. जगातल्या सर्वात मोठ्या जनुकपेढ्यांत तिची गणना होते. ब्युरोचे एक प्रादेशिक केंद्र आपल्या अकोल्यात आहे. २०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात दहा लाख नमुन्यांच्या क्षमतेची दुसरी जनुकपेढी उभारण्याची घोषणा झाली. ही घोषणा स्वागतार्ह आहे, कारण एकाच छपराखाली सगळी पुंजी ठेवणे शहाणपणाचे नव्हे. सीरियातील अलेप्पोजवळच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने हा धडा घेतला. गहू, बार्ली आणि कडधान्यांचा तिचा अमोल संग्रह यादवी युद्धात अडकला. पण त्याच्या प्रती आधीच नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरील बीजकोठारात पाठवलेल्या होत्या. २००८ साली सुरू झालेल्या त्या कोठारातून पहिल्यांदा बी बाहेर काढले गेले ते २०१५ साली, याच संस्थेसाठी. लेबनॉन आणि मोरोक्कोत ते पेरून संग्रह पुन्हा उभा राहिला आणि २०१७ पासून नव्या प्रती परत स्वालबार्डला जाऊ लागल्या.

प्रतींचे महत्त्व यातून कळते. पण स्वालबार्डच्या डोंगरातल्या कोठाराला शेत नाही. ज्याने बी ठेवले त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला ते पाकीट उघडताही येत नाही. ती आणीबाणीची तिजोरी आहे. देशाच्या जनुकपेढीने एवढ्यावर समाधान मानून चालणार नाही. तिला पैदासकाराने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देता आले पाहिजे: पोटरीत असताना पाण्याचा ताण सोसणारी ज्वारी कोणती? नव्या तांबेऱ्याला दाद न देणारा गहू कोणता? रात्रीचे तापमान वाढले तरी लोंबीत पळिंज न होणारा भात कोणता? संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१० साली जगाचा आढावा घेतला, तेव्हा सुमारे १,७५० जनुकपेढ्यांत ७४ लाख नमुने होते. त्यांपैकी खरोखर एकमेकांहून वेगळे असलेले नमुने पंचवीस ते तीस टक्केच असावेत, असा त्याच अहवालाचा अंदाज होता. उरलेल्या पुनरावृत्त्या होत्या. काय वेगळे आणि काय तेच, एवढेही पारखल्याशिवाय समजत नाही.

न पारखलेल्या बियाण्याचे काय होते, याचे एक नामांकित उदाहरण आहे. १९४८ साली जॅक हार्लन या अमेरिकी शास्त्रज्ञाने पूर्व तुर्कस्तानातून गव्हाचा एक नमुना आणला. पीआय १७८३८३ असा त्याला क्रमांक मिळाला. दिसायला तो अगदी कुचकामी. उंच, बारीक ताटाचा, वाऱ्याने लोळणारा, पानावरच्या तांबेऱ्याला बळी पडणारा, थंडी न सोसणारा. त्याचा पावही चांगला होईना. सुमारे पंधरा वर्षे त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिले नाही. १९६०च्या दशकात अमेरिकेच्या वायव्य भागात पिवळ्या तांबेऱ्याने गव्हाची वाट लावली, तेव्हा संग्रहांची झाडाझडती झाली. हा कळकट गहू पिवळ्या तांबेऱ्याच्या चार प्रकारांना आणि काणीच्या कितीतरी प्रकारांना पुरून उरणारा निघाला. त्या भागातल्या पुढच्या अनेक वाणांत त्याचे रक्त उतरले. गुण त्याच्या अंगी पहिल्या दिवसापासून होता, फक्त त्याला रोगासमोर उभे करून पाहणारे कुणी नव्हते.

दुसरे उदाहरण आपल्या देशातल्या रानभाताचे. १९७०च्या सुमारास आग्नेय आशियात तपकिरी तुडतुड्यांमार्फत पसरणारा ‘ग्रासी स्टंट’ हा विषाणुरोग भाताची रोपे खुरटवू लागला. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. त्यांत एकच उपयोगी ठरला: १९६३ साली उत्तर प्रदेशातून गोळा केलेला ओरायझा निवारा, म्हणजे आपल्या जुन्या ग्रंथांत ऋषींच्या आहारात येतो तो नीवार. त्या नमुन्यातलीही मोजकीच रोपे रोगाला तोंड देणारी होती. त्यांचा गुण डॉ. गुरुदेव खुश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लागवडीच्या भातात आणला. १९७६ साली आलेल्या आयआर ३६ या वाणात तो आहे, आणि १९८०च्या दशकात हा वाण जगात सुमारे एक कोटी दहा लाख हेक्टरांवर उभा होता. सहा हजारांतला एक, आणि त्या एकातली थोडी रोपे! चाचणी पाच हजारांवर थांबली असती तर काय झाले असते, याचा विचार करावा.

आपल्या देशानेही असे काम करून दाखवले आहे, आणि ते अभिमानाने सांगण्याजोगे आहे. राष्ट्रीय जनुकपेढीतले गव्हाचे सुमारे २२ हजार नमुने २०११-१२च्या रब्बीत हिसारच्या शेतावर एकाच हंगामात पेरून त्यांच्या गुणांची नोंद झाली. त्याच सुमारास रोगप्रतिकाराची एक मोठी चाळणी सुरू झाली. सरबती, बन्सी आणि आपल्याकडे खीर-पुरणपोळीसाठी मुद्दाम पिकवला जाणारा खपली, अशा तिन्ही गव्हांचे मिळून १९,४६० नमुने निलगिरीतील वेलिंग्टन येथे लावले गेले. तिथल्या हवेत तांबेरा हमखास येतो, म्हणून ती जागा. त्यातून ४,९२५ नमुने टिकले. ते पिवळ्या तांबेऱ्यासाठी पंजाबातील गुरुदासपूरला आणि पानावरील ठिपक्यांच्या रोगासाठी बंगालमधील कूचबिहारला पाठवले. दुसऱ्या फेरीत ४९८ नमुने एकाहून अधिक तांबेऱ्यांना आणि ८६८ नमुने ठिपक्यांच्या रोगाला दाद न देणारे निघाले. मग रोपावस्थेत तांबेऱ्याच्या सात उग्र प्रकारांशी मुद्दाम गाठ घालून पाहिली, तेव्हा अनेक तांबेऱ्यांना तोंड देऊ शकतील असे १३७ नमुने हाती आले. २०१६ साली हे निष्कर्ष जगासमोर खुले झाले. १९,४६० पाकिटांपुढे बसलेल्या पैदासकाराने सुरुवात कुठून करावी? १३७ पाकिटे मात्र तो पुढच्याच हंगामात हाती घेऊ शकतो. पारख म्हणजे हेच. आणि प्रत्येक वेळी सगळा संग्रह पेरावा लागतो असेही नाही. सर ओटो फ्रँकेल यांनी १९८०च्या दशकात संग्रहाचा सारभूत दशांश वेगळा काढण्याची कल्पना मांडली. हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने त्या दशांशाचाही दशांश काढून ज्वारीच्या २२ हजारांवर नमुन्यांतून २४२ नमुन्यांचा लघुसंच बनवला. आधी तो तपासायचा, गुण दिसला की त्याच्या भाऊबंदांकडे वळायचे, अशी ही रीत आहे.

या कामाला लागणारा काळ मात्र सरकारी योजनांच्या वेळापत्रकात बसत नाही. ओडिशातील ‘धलपुटिया’ या स्थानिक भातातून एफआर १३ए ही निवड केली गेली ती १९४०च्या दशकात. पुराच्या पाण्याखाली आठ-दहा दिवसांत इतर भात कुजतो, तेव्हा हा तग धरतो, हे शेतकऱ्यांना ठाऊक होतेच. १९७०च्या दशकात फिलिपिन्समधील संस्थेच्या चाचण्यांत त्याचे सामर्थ्य पुन्हा नोंदले गेले, १९९०च्या दशकात त्या गुणाचे गुणसूत्रावरचे ठिकाण सापडले, २००६ साली सब-१ए हे जनुक हाती लागले आणि २००९ साली ‘स्वर्णा-सब१’ हा वाण भारतीय शेतकऱ्यांना मिळाला. आज पूर्व भारतातल्या पूरग्रस्त शेतात तो उभा आहे. ओडिशाच्या खाचरातून निघून पुन्हा तिथेच पोचायला साठ वर्षे लागली. ही साठ वर्षे कुणीतरी ते बी पेरत राहिले, मोजत राहिले, वहीत लिहीत राहिले. तीन वर्षांच्या प्रकल्पावर नेमलेल्या, मुदत संपताच घरी जाणाऱ्या माणसांकडून असे काम होत नसते.

पारखीच्या मोलाचा अनुभव महाराष्ट्राला बाजरीने दिला आहे. १९६५ साली एचबी-१ हा बाजरीचा पहिला संकरित वाण आला आणि त्यामागून आणखी आले. उत्पादन वाढले, शेतकरी सुखावला. पण या सगळ्या संकरितांची मादी एकच होती: अमेरिकेतून आणलेली टिफ्ट २३ए. १९७०च्या दशकात गोसावी रोगाने हल्ला केला, तेव्हा कणसांच्या जागी पानांचे झुपके आले आणि एकामागून एक संकरित वाण कोसळले. आई एक, म्हणून दुबळेपणाही एक. पुढे पाटणचेरूच्या पैदासकारांनी पश्चिम आफ्रिकेतील टोगो देशाच्या उत्तर भागातल्या ‘इनियाडी’ या स्थानिक बाजरीतून निवड करून आयसीटीपी ८२०३ हा वाण काढला. लवकर येणारा, टपोऱ्या दाण्याचा हा वाण १९८८ साली प्रसारित झाला आणि महाराष्ट्राच्या अवर्षणी पट्ट्यात त्याने बस्तान बसवले. नंतर बाजरीच्या वाणांत लोह किती, अशी पारख सुरू झाली, तेव्हा हाच वाण लोहाने समृद्ध निघाला. त्यातूनच निवडलेला ‘धनशक्ती’ २०१४ साली देशभरासाठी प्रसारित झाला. जादा लोहासाठी मुद्दाम निवडलेला बाजरीचा हा देशातला पहिला वाण. वाण शेतात होता, पण त्याच्या दाण्यात काय आहे हा प्रश्न विचारला गेला तेव्हाच रक्तक्षयाशी झुंजणाऱ्या बायाबापड्यांच्या भाकरीत त्याचे मोल समजले.

परदेशातूनच सगळे आले असेही नाही. १९३०च्या दशकात सोलापूर जिल्ह्यातील मोहोळच्या केंद्रावर स्थानिक ज्वारीतून निवडलेली माळदांडी, म्हणजे एम ३५-१, आजही रब्बीच्या शिवारात आणि ग्राहकाच्या तोंडात ठाण मांडून आहे. खोडमाशीला तोंड देण्याची तिची ताकद, तिची भाकरी आणि तिचा कडबा यांची बरोबरी करताना नंतरच्या वाणांची दमछाक झाली आहे. कोकणाच्या खाऱ्या जमिनीतल्या ‘भुरा राता’ या भाताची पारख झाली, म्हणून पनवेलच्या केंद्राला खारजमिनीसाठी वाण देता आले. गोव्यात खाजनातला ‘कोरगुट’ निवडला गेला, म्हणून ‘गोवा धान’ मालिकेतले क्षारसहिष्णू वाण उभे राहिले. समुद्राचे पाणी आज शेतात अधिक आत शिरत आहे. या काळात कोरगुट आणि राता हे कोकणाच्या पुढच्या पिढीचे अन्न ठरू शकतात. पण माळदांडीच्या शेजारीच पेरल्या जाणाऱ्या दगडी ज्वारीचे, हुरड्याच्या गुळभेंडीचे, मावळातल्या आणि आजऱ्याच्या सुवासिक भातांचे किती नमुने अवर्षणाला, खडखड्याला, करप्याला सामोरे करून, चार ठिकाणी, चार हंगाम पाहिले गेले? असा हिशोब राज्याने मांडायला हवा.

हे काम मागे का पडते, याची कारणे गुपित नाहीत. पारख करायची तर शेत हवे, मजूर हवे, रोगाचे हमखास ठिकाण हवे आणि वर्षानुवर्षे त्याच चिकाटीने नोंदी करणारे हात हवेत. पंधरा हजार वाफ्यांतून वाकून फिरणाऱ्या क्षेत्र सहायकाचे नाव कुठल्या वाणाला मिळत नाही. नवा वाण काढणाऱ्याचा सत्कार होतो. त्याला जनक पुरवणाऱ्याची नोंदही होत नाही. कृषी विद्यापीठांतली पदे रिकामी राहतात. पैदासकार मग ओळखीच्या, वापरून वापरून झिजलेल्या जनकांकडेच वळतो आणि शेतातल्या वाणांचा वंश दिवसेंदिवस अरुंद होत जातो. टिफ्टचा धडा आपण पाठ केला, पण आचरणात आणला नाही.

जनुकक्रम वाचण्याचे तंत्र स्वस्त झाल्यामुळे आता शेतातल्या पारखीची गरज उरणार नाही, असाही सूर निघतो. तंत्र खरोखरच मोलाचे आहे. तीन हजार भातांचे जनुकक्रम २०१४ साली जगाला खुले झाले; पुनरावृत्त्या ओळखणे, नात्याच्या साखळ्या लावणे, कुठे शोधायचे ते सुचवणे ही कामे त्याने सोपी केली. पण कोणता जनुकक्रम उन्हाच्या झळा सोसतो, हे संगणकाला आधी शेतानेच सांगावे लागते. ज्या नमुन्यांच्या शेतातल्या नोंदी नाहीत, त्यांच्या जनुकक्रमाची लांबलचक अक्षरे अर्थाविना पडून राहतात. प्रयोगशाळा जितकी पुढे जाईल, तितकी चांगल्या शेत-नोंदींची गरज वाढेल.

शेतकऱ्याच्या मनात आणखी एक शंका असते, आणि ती रास्त आहे: आमचे बी दिल्लीला गेले, तिथे पाकिटात बंद झाले, त्याचा लाभ उद्या कुणी तरी कंपनीच घेणार ना? डॉ. राधेलाल रिछारिया यांनी मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमधून भाताचे हजारो वाण गोळा केले; तो संग्रह रायपूरच्या कृषी विद्यापीठाकडे आहे. २००२ साली तो एका बहुराष्ट्रीय कंपनीशी करार करून खुला करण्याचा विचार झाला, तेव्हा शेतकरी आणि कार्यकर्ते रस्त्यावर उतरले आणि करार बारगळला. या अविश्वासाचे उत्तर कुलपे वाढवून मिळणार नाही, हिशोब उघडा ठेवल्याने मिळेल. २००१ सालच्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, वापरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क दिला आहे, आणि त्याच्या वाणातून नवा वाण निघाला तर लाभात वाटाही. कोणाच्या गावचे बी कोणत्या वाणात गेले, हे नोंदीत स्पष्ट असेल तरच तो वाटा देता येतो. म्हणजे न्यायासाठीही पारखच लागते.

या पारखीत शेतकऱ्याला केवळ देणारा मानू नये. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची बीजबँक उभी केली आणि २०२० सालची पद्मश्री त्यांच्याकडे आली. अशा घरांत बी दरवर्षी पेरले जाते, निवडले जाते, बदलत्या हवेशी जुळवून घेते. शीतगृहात बी जसेच्या तसे राहते, शेतात ते शिकत राहते, दोन्ही हवेत. भाकरी कोणत्या ज्वारीची पांढरीशुभ्र होते, कडबा जनावर आवडीने खाते की नाही, कोणता भात बाळंतिणीला द्यावा, हे गुण सरकारी तक्त्यात क्वचितच येतात. ते सांगणाऱ्या बाया आजही गावोगाव आहेत. त्यांचे ज्ञान चाचणीच्या वहीत उतरले पाहिजे.

महाराष्ट्र सरकारने एप्रिल २०२२ मध्ये ‘महाराष्ट्र जनुक कोश’ प्रकल्पाला मंजुरी दिली आणि पाच वर्षांसाठी सुमारे १७२ कोटी रुपयांची तरतूद केली. स्थानिक पीक वाण हा त्याचा एक भाग आहे. पाऊल मोलाचे आहे, म्हणूनच त्याच्याकडून अपेक्षा ठेवायला हव्यात. संग्रहाच्या खर्चाइतकाच मान पारखीच्या खर्चाला मिळावा. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांनी ठिकाणे वाटून घ्यावीत: तांबेऱ्यासाठी महाबळेश्वर, अवर्षणासाठी सोलापूर, खारजमिनीसाठी पनवेल. एकच लघुसंच सगळीकडे, सारख्याच पद्धतीने, निदान पाच हंगाम पेरला जावा. निष्कर्ष मराठीत आणि सर्वांना पाहता येतील असे खुले व्हावेत. चाचणीत नापास झालेल्या नमुन्यांसह, कारण आज नापास झालेला नमुना उद्याच्या रोगासमोर पास होऊ शकतो. या कामावरची माणसे कायम असावीत. आणि ज्या गावातून बी आले त्या गावाला त्याची ताजी प्रत आणि निष्कर्ष परत मिळावेत. मागणी येईपर्यंत वाट न पाहता.

देशाची दुसरी जनुकपेढी उभी राहील, तेव्हा तिची क्षमता दहा लाख असल्याचे आपण कौतुकाने सांगू. पण त्या इमारतीची खरी परीक्षा वेगळी आहे. दर वर्षी किती पाकिटे बाहेर निघून शेतात पेरली गेली, त्यांतल्या कितींच्या गुणांची नोंद झाली आणि त्यांतल्या किती वाणांनी शेतकऱ्याचे एखादे संकट हलके केले, या तीन प्रश्नांची उत्तरे तिने दरवर्षी जाहीर करावीत. तापमान वाढत आहे, पाऊस लहरी झाला आहे, तांबेऱ्याच्या नव्या जाती सीमा ओलांडून येत आहेत. उद्याचे संकट कोणते हे आज कुणी सांगू शकत नाही, पण त्याला तोंड देणारा दाणा बहुधा आपल्या संग्रहात आधीपासूनच आहे. संकट दाराशी आल्यावर तो शोधायला बसलो तर एक पिढी जाईल. आज शोधला, तर तो वेळेवर शेतात पोचेल. या जैवविविधता दिनी राज्यकर्त्यांकडे आमची मागणी तेवढीच आहे: येत्या खरिपात काही हजार पाकिटे उघडा, पेरा, आणि मोजायला माणसे द्या.